सदूनं घेतलेली शपथ

"तुमी त्याला थांबवू शकत होतात."

"थांबवलं असतं तर खेळ तिथंच संपला असता."

"मग संपू द्यायचा. खेळच होता ना तो? लग्न मोडत नव्हतं कुणाचं."

"तुला कळत नाय, तुळसा. सही केली होती मी. तोंड उघडायचं नाय असं छापलं होतं त्या कागदावर."

"तुमची सही खरी, आणि माझ्या भावानं नारळावर हात ठेवला तो तेवढा खेळातला?"

रावजी मांडवकरनं कोयतीची दुसरी बाजू दगडावर धरली. तो पायरीवर बसून कोयतीला धार लावत होता. धार केव्हाच लागली होती, पण दगड खाली ठेवला असता तर बायकोकडे बघावं लागलं असतं. तुळसा अंगण सारवत होती. शेणाचा हात जमिनीवर असा काही फिरवत होती, की जणू त्या जमिनीनंच तिचं काहीतरी घेतलंय. परवा गावदेवीची पालखी वाडीत यायची होती. शिमग्याला देवी देवळातून बाहेर पडते, दारोदार फिरते, आणि वाडीतल्या बावीसच्या बावीस घरांपुढे थांबते. यंदा एकवीस घरांपुढे थांबणार होती. बाविसावं घर तुळसाच्या माहेरचं. तिचा धाकटा भाऊ सदू याचं.

"माझ्या बापाच्या दारावरनं देवी पुढं जाईल," तुळसा म्हणाली. "आणि मी हितं रांगोळी घालू?"

भाट्याच्या नारळीच्या बागांमधून रावजी मांडवकर कुणाला माहीत नाही असं होत नाही. नारळ पाडणारा तो पाडेली, आणि भाट्यापासून वर कातळाच्या सड्यापर्यंत पाडेली म्हटलं की रावजीच. वयाच्या अकराव्या वर्षी बापानं त्याच्या पायात काथ्याचा फास अडकवून त्याला पहिल्या झाडावर चढवलं होतं. आता पन्नाशी उलटली तरी सरळ झाडावर तो असा जातो की खालच्याला वाटावं, घरचा जिनाच चढतोय. गाठ त्याची कधी सुटत नाही. बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. लग्नात फोटोवाल्यानं चारदा सांगून पाहिलं, जरा हसा, नवरदेव आहात. शेवटी त्यानं नुसत्या तुळसाकडेच रोख धरला. बाप तर म्हणायचा, अरे तोंड कर जरा माणसासारखं. रावजीचा चेहरा म्हणजे खडपातला कातळ. वर कितीही लाटा फुटू देत, त्याच्यावर काही दिसायचं नाही.

आणि सदू अगदी उलटा. रावजी झाडावर गेला की सदू खाली बुंध्यापाशी मान वर करून उभा. कुठला घड तयार आहे, कुठली झावळ सुकून लोंबतेय, वारा कुठून येतोय, सगळं तो खालून सांगायचा. मधेमधे वाडीतल्या भानगडी, क्रिकेट, मासळीचा भाव, हेही सांगायचा. वर रावजी हूं म्हणायचा. बावीस वर्षं दोघांचं असंच चाललेलं. लोक त्यांना रावजी-सदू असं एकाच दमात म्हणत.

ते टीव्हीवाले आले गेल्या गणपतीनंतर. कुठल्याशा जाहिरातीसाठी समुद्र बघायला आले होते, आणि बागेत त्यांनी रावजीला झाडावरून उतरताना पाहिलं. त्यांच्यातला अनिश नावाचा पोरगेला दिग्दर्शक सदूशी बोलत बसला. नवा कार्यक्रम काढतोय, म्हणाला. नाव 'आतला माणूस'. हातानं काम करणाऱ्या आठ जोड्या, साताऱ्याच्या बाजूला एका धरणाकाठी महिनाभर तंबूत राहायचं, रोज एक कामगिरी पार पाडायची. पण त्या सोळांमधल्या एकाला गुपचूप सांगितलेलं असणार, की तू सगळ्यांचं काम बिघडव. तो म्हणजे आतला माणूस. बाकीच्यांनी त्याला हुडकायचं. सापडला तर बक्षीस बाकीच्यांचं, नाही सापडला तर त्याचं एकट्याचं. सदूला एवढं आवडलं ते, की त्यानं घरी येऊन दोनदा सांगितलं. रावजी हूं म्हणाला. सदूनं त्यालाच होकार धरला.

दिवाळी झाली आणि दोघं गेले. वाडीतले लोक एस. टी.पर्यंत पोचवायला आले होते.

तिसऱ्या दिवशी अनिशनं रावजीला जनरेटरच्या गाडीमागे बोलावलं. तिथं एवढा आवाज होता की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. "काका," तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांचे चेहरे पडद्यावर मोठे करून बघितले. तुमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. ही देणगी आहे. आतला माणूस तुम्हीच."

रावजीला नाही म्हणता आलं असतं. तसं कागदावरही होतं, नको असेल तर सांगा म्हणून. पण ज्या तोंडाला जन्मभर सगळ्यांनी नावं ठेवली, त्याला कुणीतरी शहरातनं येऊन देणगी म्हणालं होतं. त्यानं सही केली. सदूला सांगू का, एवढंच विचारलं. अनिश म्हणाला, त्यांना तर अजिबातच नाही.

त्याआधी रावजी आयुष्यात कधी मोठं खोटं बोलला नव्हता. याचं श्रेय त्याला देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी काही विचारतच नसे.

सहीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांच्या भातात दुसऱ्यांदा मीठ घातलं, आणि तोच खारट भात सगळ्यांबरोबर बसून चवीनं जेवला. मग शेगडीचे कोळसे भिजवले. मग एका कामगिरीत मडकी रचायची होती, त्यातलं खालचं एक आधीच तडकवून ठेवलं. दर वेळी आरडाओरडा व्हायचा, लोक एकमेकांच्या अंगावर जायचे, आणि रावजी कातळासारखा बाजूला उभा. त्याच्याकडे कुणाची नजरही वळत नसे. आणि हळूहळू, हे त्यानं पुढे तुळसाला कधीच सांगितलं नाही, त्याला त्यात गोडी वाटायला लागली. सकाळी उठताना अंगात काहीतरी सळसळायचं. आज काय बिघडवू.

दुसऱ्या आठवड्यात तराफा आला. बांबू आणि पिंपं बांधून तराफा करायचा, धरणात पलीकडे न्यायचा, तिथलं निशाण घेऊन परत यायचं. बांधायचं काम अर्थातच रावजीकडे. त्यानं साऱ्या गाठी नीट मारल्या, आणि निघायच्या आधी मागच्या कोपऱ्यातली एक हातानं सैल करून ठेवली. तराफ्याच्या मागच्या कोपऱ्यात कोण बसणार हे तेव्हा ठरलं नव्हतं. बसला सदू.

पाण्याच्या मध्यावर पिंप निसटलं आणि सदू सरळ आत गेला. अंगावर जाकीट होतं, बाजूला होडी होती, जिवाला धोका असा नव्हता. बाहेर काढला तर दात वाजत होते आणि हसत होता. काठावर टॉवेल गुंडाळून बसल्या बसल्या रावजीला म्हणाला, भावोजी, तुमची गाठ सुटायची नाय, ह्या लोकांची दोरीच नकली. वर आणखी अनिशशी जाऊन भांडला, की आमच्याकडनं काथ्याची दोरी मागवा म्हणून.

पण सगळेच काही सदू नव्हते. पुण्याची एक मनस्विनी म्हणून बाई होती, मैत्रिणीबरोबर बेकरी चालवायची, डोक्यानं तल्लख. त्या संध्याकाळी सगळे गोल बसले, संशय कुणावर ते बोलायचा कार्यक्रम असायचा रोज, तेव्हा ती उठली आणि एकेक करून मांडत गेली. मडकी रचताना खालच्या बाजूला कोण होतं? कोळसे भिजले तेव्हा पाणी आणायला कोण गेलं होतं? आणि गाठी कुणी मारल्या? झाडावर पोट असलेल्या माणसाची गाठ पाण्यात सुटते कशी? सगळ्या माना रावजीकडे वळल्या. आणखी दोघातिघांनी हात वर केला असता तर तिथंच संपलं असतं.

तेव्हा सदू उठला. कुणाला काही कळायच्या आत स्वयंपाकाच्या तंबूत गेला आणि शेंडीसकट एक नारळ घेऊन आला. तो मधोमध जमिनीवर ठेवला, चपला काढल्या, खाली बसला आणि नारळावर उजवा हात ठेवला.

"हा माझा भावोजी. बावीस वर्षं मी ह्याच्या झाडाखाली उभा राहतोय, वरनं एक बोंडसुद्धा माझ्या डोक्यात पडू दिलं नाय ह्यानं. हा जर आतला माणूस असला, तर यंदाच्या शिमग्याला देवीची पालखी माझ्या दारात थांबू नये. मी थांबवणार नाय."

पुण्यामुंबईच्या लोकांना ते आवडलं, पण समजलं नाही. आमच्याकडे माणूस पोराबाळांची शपथ उठताबसता घेतो. देवीची पालखी पणाला लावणं निराळं. मुंबईला नोकरीला असलेला माणूस गणपती चुकवील, पण पालखी दारात यायच्या दिवशी सुट्टी नाही मिळाली तर नोकरी सोडून येईल. ज्या दारावरून पालखी न थांबता जाते ते दार सुतकातलं, नाहीतर वाळीत पडलेलं. सदूनं ते दार रावजीसाठी मांडलं होतं. मनस्विनी खाली बसली. तिनं रावजीची माफीसुद्धा मागितली. रावजी सदूसमोर, चार हातांवर बसला होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. नको सदू, एवढंच. तो बोलला नाही.

त्यानंतर रावजीवर कुणी संशय घेतला नाही.

शेवटचा भाग मुंबईला, मोठ्या स्टेजवर झाला. आतल्या माणसाचं नाव पुकारलं आणि मागच्या पडद्यावर सगळं दाखवलं. मीठ. कोळसे. मडकं. रावजीची बोटं गाठ सैल करताना. मग सदू पाण्यात. मग सदू नारळावर हात ठेवून, आणि त्याच्या लगेच मागोमाग रावजीचा चेहरा, पडदाभर, वर कसलंसं मजेदार संगीत. लोक पोट धरून हसले आणि मग टाळ्या. सदू पहिल्या रांगेत होता. सगळे वाजवतात म्हणून त्यानंही वाजवल्या. बराच वेळ वाजवत होता.

बक्षिसाची मोटारसायकल रावजीच्या मांगरात, झावळ्या-लाकडं ठेवायच्या छपराखाली उभी आहे. त्याला चालवता येत नाही. सदूला येते.

परत आल्यावर सदू भांडला नाही. आठ दिवस तापानं झोपला, उठला, आणि पावसच्या बाजूला एका आंब्याच्या बागेत राखणीचं काम धरलं. रावजी भेटला की बरं आहे ना विचारायचा. बागवाल्यांनी रावजीच्या झाडाखाली दुसरा माणूस दिला, तो बुंध्यापासून दहा हात लांब उभा राहतो आणि मोबाइल बघतो. रत्नागिरीच्या स्टँडवर पोरं रावजीबरोबर फोटो काढून घेतात. एकानं तर सांगितलं, काका, त्या बावळटाला काय बनवलंत. रावजीनं फोटो काढू दिला.

मग फाल्गुन लागला आणि सदूनं वाडीच्या बैठकीत सांगितलं, की यंदा पालखी माझ्या दारात थांबवू नका. लोकांनी समजावलं, अरे टीव्हीतलं ते, नाटकासारखंच. सदू म्हणाला, नाटक बाकीच्यांचं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं नाटक हाय म्हणून.

तुळसानं ते ऐकलं त्या दिवसापासून रोज रावजीला टोचायला सुरुवात केली. शेवटी आज अंगण सारवून झालं, हात धुतले, आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मानकरी धाकूतात्यांकडे जाऊन आले मी, म्हणाली. तात्यांनी वाट सांगितली होती. शपथ नकळत घेतलेली असली तर सुटते. ज्याच्यापायी घेतली त्यानं पालखी बसते त्या सहाणेवर, साऱ्या गावासमोर उभं राहून म्हणायचं, दोष माझा, ह्याचा नाही. आणि ज्यानं घेतली त्यानं शेजारी उभं राहायचं. मग तात्या देवीला गाऱ्हाणं घालतील. पण दोघंही हवेत. एकट्याचं गाऱ्हाणं घालायला तात्या तयार नव्हते.

"मी उभा राहीन," रावजी म्हणाला. तो खरंच राहिला असता. गावासमोर मान खाली घालायची त्याला भीती नव्हती.

"तुमी राहाल हो. त्याला आणायचा कुणी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रावजी सदूकडे गेला. सड्यावरनं दहा मिनिटांची वाट. ऊन असं, की कातळावर पाय ठरत नव्हता. वाटेतल्या सगळ्या घरांची अंगणं सारवून तयार होती, दारांना तोरणं होती. सदूच्या अंगणात आंब्याचा पालापाचोळा तसाच पडलेला. पोरं दिसेनात. विचारलं तर सदूची बायको दीपाली म्हणाली, मामाकडं पाठवलीत, दारावरनं पालखी जाताना बघायला नकोत. तिनं पाणी आणून दिलं. पडवीच्या कोपऱ्यात शेणाची पाटी पोत्याखाली झाकून ठेवलेली रावजीला दिसली. दीपालीला ते कळलं, आणि ती पाटीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

सदू बाहेर आला. "बसा भावोजी."

रावजीनं वाटेत सगळं जुळवलं होतं. त्यानं ते सांगून टाकलं. आयुष्यात एका वेळी एवढं तो कधी बोलला नव्हता. चुकलो म्हणाला. मीठ चुकलो, गाठ चुकलो, सगळ्यात जास्त त्या संध्याकाळी चुकलो. तात्यांनी सांगितलेली वाट सांगितली. गाडी घेऊन जा म्हणाला, तर सदूनं फक्त हात हलवला, तसला विषय नको म्हणून.

"गाठीचा मला राग नाय," सदू म्हणाला. "तुमाला काम दिलं होतं, तुमी केलंत. मी पाण्यात पडलो, तेव्हा हसलोच होतो. राग असता तर भांडून मोकळा झालो असतो."

"मग चल उद्या."

"येतो. एक सांगा आधी."

दीपाली जागची हलली नाही, पण तिनं मान वर केली.

"ते तुमचं तोंड दाखवलं ना टीव्हीवर, मी हात ठेवला तेव्हाचं. हिच्या फोनवर मी किती वेळा बघितलं असेल. तुमी वर वाऱ्यात अडकलात तर मला खालनं झाडाच्या हलण्यावरनं कळायचं, आता भावोजी घाबरलेत. कुणाला कळत नसे, मला कळायचं. पण ते तोंड मला कळत नाय. दगडासारखं नव्हतं ते. काहीतरी होतं त्याच्यावर." सदूचा आवाज चढला नव्हता. खालून झाडावर विचारावं तसा तो विचारत होता. "काय होतं तुमच्या मनात? कायपण असू दे. खरं सांगा, म्हणजे मी उद्या सहाणेवर तुमच्या शेजारी उभा राहतो."

रावजीकडे उत्तर तयार होतं. तीन महिने त्यानं ते तुळसाला सांगितलं होतं, स्वतःलाही सांगून पाहिलं होतं. घाबरलो होतो. काय करावं सुचलं नाही. एवढे दोन शब्द टाकले की सदू मान हलवणार, दीपाली पाटीवरचं पोतं काढणार आणि दिवस मावळायच्या आत हे अंगण सारवून होणार. आणि ते खपलंही असतं. असल्या तोंडावर कुणाला काय दिसणार.

पण सदूनं नारळावर हात ठेवला तेव्हा रावजी घाबरला नव्हता. त्या वेळी त्याच्या पोटातून हसू वर येत होतं आणि ते त्यानं दातांत धरून ठेवलं होतं. जमलं, असं त्याच्या मनात आलं होतं. सदूलासुद्धा कळलं नाही, इतकं जमलं. उभ्या जन्मात त्याला एवढा आनंद कधी झाला नव्हता. लग्नात नाही, पोर झालं तेव्हा नाही. पडद्यावर ते हसूच होतं, दातांत धरलेलं.

"भावोजी," सदू म्हणाला, "सांगा ना. वाईट असलं तरी सांगा."

रावजीनं तोंड उघडलं. ओठांवर आलं होतं ते तयार असलेलंच, दोन शब्दांचं. समोर सदू मान थोडी वर करून वाट बघत होता, आणि जे कानावर पडेल ते खरं धरायची त्याची तयारी होती.

रावजीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पायरी उतरला, चपला घातल्या, एक उलटी पडली होती ती पायानं सुलटी केली. दीपाली म्हणाली, अहो, असं काय, बसा तरी. तो पाचोळ्यातून अंगण ओलांडून कुंपणाच्या बेड्यापर्यंत गेला, आडवा बांबू सरकवला, बाहेर पडला, बांबू परत होता तसा लावला, आणि तापलेल्या कातळावरून चालत राहिला.